स्पंजाला नाव कसं मिळतं, आणि ते पुन्हा पुन्हा का बदलतं

उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी सहज दिसणारा एक स्पंज आहे, हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया. पीटर सायमन पॅलास यांनी १७६६ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे वेगवेगळ्या अभ्यासकांनी हाच प्राणी नवा समजून पुन्हा पुन्हा वर्णन केला आणि त्याच्या खात्यात तब्बल ५६ नावं जमा झाली. ती माणसं निष्काळजी नव्हती. लाटांचा मारा असलेल्या खडकावर हा स्पंज पातळ थरासारखा पसरतो, तर आडोशाच्या संथ पाण्यात त्याच्या अंगावर पाणी बाहेर टाकणारी उंच उंच तोंडं उभी राहतात. भरपूर उजेडात त्याच्यात शैवाल वाढतं आणि तो हिरवा दिसतो. सावलीतला मात्र पिवळट. ही दोन रूपं शेजारी ठेवली तर कुणीही त्यांना दोन जाती म्हणेल.

इतर प्राणी ओळखताना आपण पाय मोजतो, दात पाहतो, पंखांवरच्या शिरा पाहतो. स्पंजाला यातलं काहीच नाही. खाण्याचं तोंड नाही, आतडं नाही, मज्जासंस्था नाही. अंगभर बारीक छिद्रं, त्यातून आत येणारं पाणी, आत कालव्यांचं जाळं, पाणी ढकलणाऱ्या आणि त्यातले कण टिपणाऱ्या कॉलरपेशी, आणि शेवटी पाणी बाहेर टाकणारं मोठं तोंड, एवढाच त्याचा संसार. रॉबर्ट ग्रँट यांनी १८२०च्या दशकात या पाण्याच्या प्रवाहाची दिशा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पक्की केली आणि १८३६ मध्ये या प्राण्यांच्या संघाला पोरिफेरा, म्हणजे छिद्रधारी, असं नाव दिलं. हे शरीर प्रवाह, उजेड आणि जागा यांच्याप्रमाणे वाढतं. त्यामुळे बाहेरचा आकार त्या जागेबद्दल पुष्कळ सांगतो आणि जातीबद्दल फारच थोडं.

मग ओळखायचं कशावरून? आतल्या सांगाड्यावरून. बहुतेक स्पंजांच्या अंगात सिलिकाच्या किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म सुया असतात. त्यांना कंटिका म्हणतात. त्यांचा आकार, लांबी, प्रकार आणि मांडणी यांवर स्पंजांचं वर्गीकरण गेली दीडशे वर्षं उभं आहे. डीएनए आल्यानंतरही ते पूर्ण मोडलं नाही, पण बऱ्याच ठिकाणी हललं.

चार वर्ग

आज ९,०००हून अधिक जाती मान्य आहेत आणि त्या चार वर्गांत विभागल्या आहेत. विभागणी अगदीच विषम आहे: दर पाच जातींपैकी चारांहून जास्त एकट्या डेमोस्पंजी वर्गात येतात.

कॅल्केरिया वर्गाच्या कंटिका कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात, दोन, तीन किंवा चार टोकांच्या. हे सगळे स्पंज समुद्रातले, बहुतेक लहान. ओळखायची चाचणी सोपी आहे. धुतलेल्या कंटिकांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडायचा. बुडबुडे येऊन कंटिका विरघळल्या तर कॅल्केरिया; जशाच्या तशा राहिल्या तर सिलिका. मात्र कंटिका आधी नीट धुतलेल्या हव्यात, कारण स्पंजात अडकलेले शिंपल्यांचे कणही आम्लात फसफसतात आणि उत्तर चुकतं.

हेक्झॅक्टिनेलिडा, म्हणजे काचस्पंज, यांच्या सिलिकाच्या कंटिकेला मुळात तीन अक्ष आणि सहा टोकं असतात, एकमेकांशी काटकोनात. हे प्रामुख्याने खोल समुद्रात राहतात आणि त्यांच्या शरीराचा बराचसा भाग पेशींच्या भिंती नसलेल्या एकसंध जीवद्रव्याचा असतो. मोनोऱ्हाफिस चुनी या काचस्पंजाची तळाशी रोवलेली एकच कंटिका जवळपास ३ मीटर लांब होऊ शकते. या वर्गाचे दोन उपवर्ग मात्र अशा अवाढव्य कंटिकांवरून पडत नाहीत. ते पडतात सर्वांत बारीक कंटिकांवरून: ताऱ्यासारख्या फाटलेल्या असतील तर एक, दोन्ही टोकांना दातेरी छत्र्या असतील तर दुसरा.

डेमोस्पंजीत सिलिकाच्या कंटिका असतात, पण सहा टोकांच्या नाहीत. त्यांच्या जोडीला किंवा त्यांच्याऐवजी स्पंजिन नावाच्या प्रथिनाचे तंतू असू शकतात. गोड्या पाण्यातले सगळे स्पंज याच वर्गातले.

चौथा वर्ग होमोस्क्लेरोमॉर्फा. हे पूर्वी डेमोस्पंजीतच गणले जात. यांच्या कंटिका लहान, साधारण १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असतात आणि त्यांत मोठ्या-लहान असा भेद नसतो. काहींना तर कंटिकाच नाहीत. शिवाय पेशींच्या थराखाली आधारपटल आहे, अळीही वेगळ्या घडणीची आहे. रेणवीय पुराव्यांनी या वेगळेपणाला दुजोरा दिला आणि २०१२ मध्ये त्यांना स्वतंत्र वर्गाचा दर्जा मिळाला. एखाद्या पुस्तकात स्पंजांचे तीनच वर्ग दिसले तर ते त्याआधीच्या माहितीवर लिहिलेलं आहे असं समजावं.

पाठ्यपुस्तकांमुळे झालेला आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. अ‍ॅस्कॉन, सायकॉन, ल्यूकॉन या तीन आकृत्या बहुतेकांना आठवत असतात. त्या कालव्यांच्या गुंतागुंतीच्या पायऱ्या आहेत, वर्ग नव्हेत. कॅल्केरियात तिन्ही सापडतात. तिथले दोन उपवर्ग ठरतात ते कॉलरपेशीत केंद्रक कुठे आहे, अळी कशी आहे आणि तीन टोकांच्या कंटिकेतले कोन सारखे आहेत की नाहीत, यांवरून.

कंटिका बाहेर काढणं

कामाची सुरुवात पाण्यातच होते. स्पंज कापण्याआधी त्याचा जागेवरच फोटो घ्यायचा आणि रंग, घट्टपणा, पृष्ठभाग, चिकटपणा, तोंडांची जागा हे सगळं टिपून ठेवायचं, कारण यातलं बरंच काही बाटलीत टिकत नाही. भूमध्य समुद्रातला अ‍ॅप्लिसिना एरोफोबा पाण्यात पिवळाधमक असतो आणि हवेत आला की निळा-काळा पडतो. बाटलीतल्या नमुन्याचा रंग वाचून कुणी ‘काळा स्पंज’ अशी नोंद केली तर ती कायमची चुकीची.

नमुना अल्कोहोलमध्ये ठेवतात, डीएनएसाठी ९५ टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या. स्पंजाच्या अंगात पाणी भरपूर असतं. ते बाहेर येऊन अल्कोहोल पातळ होतं आणि ऊती कुजतात. म्हणून पहिल्या दिवसानंतर अल्कोहोल बदलायचंच. फॉर्मॅलिन टाळावं. त्याने डीएनए खराब होतो, आणि ते आम्लधर्मी झालं तर कॅल्केरियाच्या कंटिका बाटलीतच विरघळून जातात.

आता कंटिका. साधारण ३ ते ५ मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा. त्यात वरची त्वचा आणि आतला भाग दोन्ही आले पाहिजेत, कारण काही प्रकारच्या कंटिका फक्त त्वचेतच असतात. तुकडा परीक्षानळीत टाकून त्यावर एक-दोन मिलिलिटर घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ओतायचं. मऊ स्पंज अर्ध्या तासात विरतो, स्पंजिन जास्त असलेल्याला काही तास लागतात. मांस विरलं की तळाशी पांढरा गाळ उरतो, तोच आपला सांगाडा. वरचं ब्लीच पिपेटने हलकेच काढून ऊर्ध्वपातित पाणी घालायचं, गाळ बसू द्यायचा, पुन्हा काढायचं. असं तीन-चार वेळा केल्यावर एक-दोनदा अल्कोहोलने धुवायचं. मग थेंब स्लाइडवर, सुकवणं, वर कॅनडा बाल्सम ही पारदर्शक राळ आणि कव्हरस्लिप.

चुका बहुतेक या धुण्यातच होतात. ब्लीच नीट निघालं नाही तर सुकताना मिठाचे स्फटिक तयार होतात आणि नवख्या नजरेला ते कंटिकाच वाटतात. गाळ बसायच्या आत पाणी ओतून दिलं तर १०-२० मायक्रॉनच्या बारीक कंटिका पाण्याबरोबर निघून जातात. मग स्लाइडवर फक्त मोठ्या सुया दिसतात आणि अभ्यासक लिहितो, ‘सूक्ष्म कंटिका नाहीत’. त्या एका वाक्याने स्पंज भलत्याच गणात जाऊन बसतो (वर्गात गण, गणात कुलं, कुलांत प्रजाती आणि प्रजातींत जाती, अशी ही उतरंड आहे). तिसरा धोका परक्या कंटिकांचा. स्पंज पाण्यातून आलेली वाळू आणि शेजाऱ्यांच्या तुटक्या कंटिका अंगात अडकवून घेतात, काही जाती तर त्यांनीच आपला सांगाडा भरतात. एखादा प्रकार स्लाइडवर दोन-तीनदाच दिसला, तुटका आणि झिजलेला दिसला, तर तो त्या स्पंजाचा आहे असं मानू नये. नायट्रिक आम्लाने काम झटपट होतं म्हणून काही जण तेच वापरतात, पण कॅल्केरियाच्या बाबतीत त्यानंतर नळीत काहीच उरत नाही.

मोजमाप करताना प्रत्येक प्रकारच्या निदान २० ते ३० कंटिकांची लांबी आणि जाडी घ्यायची आणि किमान, सरासरी, कमाल अशा तीन संख्या द्यायच्या. तुटलेल्या वगळायच्या. अर्धवट वाढलेल्या बारीक कंटिका वेगळ्या नोंदवायच्या, नाहीतर एकाच प्रकाराचे दोन प्रकार होऊन बसतात. पाण्यात विरघळलेल्या सिलिकाच्या प्रमाणानुसारही कंटिकांचं आकारमान बदलतं, तेव्हा पाच-दहा मायक्रॉनच्या फरकावर नवी जाती उभी करणं मला धाडसाचं वाटतं.

कंटिका वाचायच्या कशा

मोठ्या कंटिका सांगाडा उभा करतात, लहान कंटिका मांसात विखुरलेल्या असतात. मोठ्यांमध्ये एक टोक अणकुचीदार आणि एक गोल असेल तर स्टाइल, दोन्ही टोकं अणकुचीदार असतील तर ऑक्सिया, दोन्ही गोल असतील तर स्ट्रॉन्गाइल. गोल टोकाला गाठ असेल तर टायलोस्टाइल. लांब दांड्याला एका टोकाशी तीन फांद्या फुटल्या असतील तर ट्रायीन. लहानांमध्ये इंग्रजी सी किंवा एस अक्षरासारखी वळलेली सिग्मा, धनुष्यासारखी टॉक्सा, ताऱ्यासारखी अ‍ॅस्टर, आणि वाकड्या दांड्याच्या दोन्ही टोकांना पाकळ्या असलेली कीला.

कीला दिसली की काम बरंच सोपं होतं, कारण ती फक्त पीसिलोस्क्लेरिडा या गणात सापडते. समजा स्लाइडवर लांबट, किंचित गाठीच्या स्टाइल आहेत, काही सिग्मा आहेत आणि कीलेचं एक टोक मोठं, दुसरं लहान आहे. ही मायकेली या प्रजातीची खूण. पण इथेही स्लाइड अपुरीच पडते. मायकेलीत या विषम कीला बऱ्याचदा एका बिंदूभोवती गोलाकार रचलेल्या असतात, लहान टोकं आत, मोठी बाहेर. ब्लीचमध्ये ही रचना मोडते आणि उरतात सुट्या कीला. ती पाहायची तर स्पंजाचा पातळ छेदच घ्यावा लागतो: धारदार पात्याने पृष्ठभागाला काटकोनात कापलेला, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ, अल्कोहोलने पाणी काढून लवंगतेलात पारदर्शक केलेला. घाईत हा छेद टाळला जातो, आणि जुन्या वर्णनांतली सर्वांत त्रासदायक उणीव हीच आहे.

मांडणीचं महत्त्व सर्वांत जास्त कळतं ते ज्यांच्याकडे कंटिकांचा एकच प्रकार असतो त्यांच्यात. हॅलिकॉन्ड्रियात फक्त ऑक्सिया. हॅलिक्लोना या प्रजातीच्याही पुष्कळ जातींत फक्त ऑक्सिया. दोघांच्या स्लाइड शेजारी ठेवल्या तर फरक सांगणं कठीण. छेदात मात्र गोंधळ राहत नाही. हॅलिकॉन्ड्रियात आतल्या कंटिका अस्ताव्यस्त पडलेल्या असतात आणि पृष्ठभागावर त्या आडव्या पसरून एक सोलून काढता येईल अशी त्वचा बनवतात. हॅलिक्लोनात एकेका कंटिकेच्या लांबीचे नीटस चौकोन-त्रिकोण जोडून जाळी विणलेली असते. दोन्ही आज वेगवेगळ्या गणांत आहेत, पहिला सबेरिटिडात आणि दुसरा हॅप्लोस्क्लेरिडात.

कंटिका नसतीलच तर? अंघोळीच्या स्पंजात, म्हणजे स्पंजिया ऑफिसिनॅलिसमध्ये, नुसते तंतू असतात. तिथे मुख्य आणि दुय्यम तंतूंची जाडी, तंतूंत वाळू भरलेली आहे का आणि जाळीची वीण पाहतात. ऑस्करेला आणि हॅलिसार्का यांच्याकडे कंटिका नाहीत आणि तंतूही नाहीत. दोघेही खडकावर मऊ, बुळबुळीत थर बनवतात. ऑस्कर श्मिट यांनी १८६२ मध्ये जी जाती हॅलिसार्का लोब्युलॅरिस म्हणून वर्णन केली तीच आजची ऑस्करेला लोब्युलॅरिस. आता ऑस्करेला होमोस्क्लेरोमॉर्फात आणि हॅलिसार्का डेमोस्पंजीत आहे. काहीच खुणा नसल्या की दोन वर्गांतलं अंतरही डोळ्यांना दिसत नाही. पेशींची रचना, अळी आणि डीएनए यांच्याशिवाय त्यांचा निवाडा होत नाही.

गोड्या पाण्यातल्या स्पंजांची अडचण निराळी. त्यांच्या मोठ्या कंटिका एकमेकींसारख्याच दिसतात. ओळख पटते ती जेम्यूल नावाच्या गोलाकार सुप्त कळ्यांवरच्या कंटिकांवरून. जेम्यूल नसलेला नमुना कितीही चांगला असला तरी बहुतेक वेळा प्रजातीपर्यंतही पोचता येत नाही. म्हणून तुकडा घेताना स्पंजाचा तळाचा भाग सोडू नये. जेम्यूल बऱ्याचदा तिथेच दडलेले असतात.

नावाचे नियम

नाव आणि वर्गीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. कोणती जाती कोणाच्या जवळची, हे वैज्ञानिक मत आहे आणि ते पुराव्यानुसार बदलतं. नाव मात्र आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या नियमांनी चालतं. या नियमांसाठी काळाची सुरुवात १ जानेवारी १७५८ ला होते. लिनियस यांनी स्पंजियाला नाव दिलं ते १७५९ च्या खंडात, आणि तो खंड वनस्पतींचा होता. तरी स्पंजिया ऑफिसिनॅलिस लिनियस, १७५९ हे नाव प्राणिशास्त्रात कायम आहे.

पूर्ण नाव लिहिताना पुढे लेखक आणि वर्ष येतं, आणि तिथल्या कंसाला अर्थ असतो. हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया (पॅलास, १७६६) असं कंसात लिहिलं की समजायचं, पॅलास यांनी ही जाती दुसऱ्याच प्रजातीत, इथे स्पंजियात, ठेवली होती. क्लायोना सेलाटा ग्रँट, १८२६ याला कंस नाही, म्हणजे ती जाती पहिल्यापासून त्याच प्रजातीत आहे. कंस हवा तसा घालायचा किंवा काढायचा नसतो. प्रजाती बदलली की लॅटिन व्याकरणानुसार जातिनामाचं लिंगही जुळवावं लागतं. हायमेनिअ‍ॅसिडॉन पर्लेव्हे हे वर्षानुवर्षं छापलं गेलेलं नाव आता पर्लेव्हिस असं लिहितात, कारण हायमेनिअ‍ॅसिडॉन स्त्रीलिंगी आहे. शोधताना दोन्ही रूपं टाकावी लागतात.

जातीचं प्रत्येक नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. त्याला होलोटाइप म्हणतात आणि तो संग्रहालयात जपला जातो. दोन नावांचे होलोटाइप एकाच जातीचे निघाले तर आधी प्रसिद्ध झालेलं नाव चालतं, दुसरं त्याचं समानार्थी ठरतं. हॅलिकॉन्ड्रियाची ५६ नावं अशीच गोळा झाली. स्पंजाचा होलोटाइप तोडून त्याचा तुकडा दुसऱ्या संग्रहालयात पाठवता येतो, आणि जुने अभ्यासक ते सढळ हाताने करत. स्पंज-अभ्यासात अशा तुकड्याला स्किझोटाइप म्हणतात. त्यामुळे मूळ नमुना एका देशात आणि त्याचा तुकडा किंवा स्लाइड दुसऱ्याच देशात, असं सर्रास असतं. कधी मूळ नमुना गहाळ होतो आणि स्लाइड तेवढी उरते. पुनरावलोकन करणाऱ्याचा निम्मा वेळ हे तुकडे शोधण्यात जातो.

या संहितेचा अंमल जाती, प्रजाती आणि कुल यांच्या स्तरांवर चालतो. गण आणि वर्ग यांच्या नावांना ती लागू होत नाही. म्हणून गणांची नावं एवढ्या मोकळेपणाने येतात-जातात.

गण का मोडले

क्लोद लेव्ही यांनी १९५०च्या दशकात डेमोस्पंजीचे उपवर्ग प्रजननावर बेतले: अळ्या अंगात वाढवणारे एका बाजूला, अंडी पाण्यात सोडणारे दुसऱ्या बाजूला. विभागणी वाचायला सुरेख होती, पण अंडी सोडणं किंवा अळ्या वाढवणं हे स्पंजांच्या इतिहासात अनेकदा बदललेलं आहे, असं पुढे दिसलं. १९७० मध्ये हार्टमन आणि गोरो यांनी प्रवाळासारखा घट्ट चुनखडीचा सांगाडा बनवणाऱ्या स्पंजांसाठी स्क्लेरोस्पंजी हा नवा वर्गच काढला. तो टिकला नाही. त्या चुनखडीच्या वर राहणाऱ्या जिवंत थरातल्या कंटिका आणि पेशी पाहिल्यावर हे स्पंज निरनिराळ्या गणांतले निघाले. जाड चुनखडी बनवणं त्यांना स्वतंत्रपणे जमलं होतं. खडकासारखा जडलेला सिलिकाचा सांगाडा असलेल्या लिथिस्टिडांचंही तेच झालं.

२००२ मध्ये जॉन हूपर आणि रॉब व्हॅन सोस्ट यांनी संपादित केलेल्या दोन खंडांत प्रजातीपर्यंतचं सगळं वर्गीकरण एका जागी आलं. ते मुख्यतः सांगाड्यावर आधारलेलं होतं. नंतरच्या डीएनएच्या कामाने त्यातले अनेक गण एकसंध नाहीत हे दाखवलं आणि २०१५ मध्ये मॉरो आणि कार्डेनास यांनी डेमोस्पंजीची फेरमांडणी केली: तीन उपवर्ग, २२ गण. हॅलिकॉन्ड्रिडा हा जुना गण तिथे मोडीत निघाला आणि त्यातली कुलं निरनिराळ्या गणांत वाटली गेली.

डीएनएने सगळं सुटतं असं मात्र नाही. इतर प्राण्यांत जाती ओळखायला वापरला जाणारा मायटोकॉन्ड्रियातला सीओआय हा जनुकाचा तुकडा स्पंजांत फार सावकाश बदलतो. जवळच्या दोन जातींत तो तंतोतंत सारखा निघू शकतो. म्हणून जोडीला २८एस सारखे दुसरे तुकडे घेतात. शिवाय स्पंजाच्या अंगात बॅक्टेरिया, शैवाल, कृमी, लहान कवचधारी प्राणी असं सगळं राहत असतं आणि चाचणीत त्यांचाच डीएनए वाढून येतो. तो क्रम माहितीपेढीत स्पंजाच्या नावाने गेला की पुढचे सगळे जण त्या चुकीशी आपला नमुना जुळवत बसतात. क्रम आला की तो खरोखर स्पंजाचाच आहे ना, हे आधी तपासायचं.

नावांचा हा माग ठेवणं औषधांच्या संशोधनातही टाळता येत नाही. १९५०च्या सुमारास वर्नर बर्गमन आणि सहकाऱ्यांनी कॅरिबियन भागातल्या एका स्पंजातून स्पंजोथायमिडिनसारखी संयुगं वेगळी केली. त्यांच्या धर्तीवर पुढे सायटॅराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध तयार झालं. तो स्पंज जुन्या लेखांत क्रिप्टोटेथिया क्रिप्टा किंवा टेथिया क्रिप्टा म्हणून येतो, आजचं मान्य नाव टेक्टिटेथिया क्रिप्टा. आजचं एकच नाव शोधलं तर मूळ रसायनशास्त्राचे लेख हातून निसटतात. जागतिक पोरिफेरा माहितीपेढीत कोणतंही नाव टाकलं की ते मान्य आहे की नाही, मूळ प्रजाती कोणती होती आणि समानार्थी नावं कोणती, हे एकत्र दिसतं. शोध तिथून सुरू करावा.

नाव खात्रीने देता येत नसेल तर तसं नोंदवायची रीतही ठरलेली आहे. प्रजातीपर्यंतच पोचलो तर प्रजातीच्या नावापुढे नुसतं ‘एसपी.’ लिहायचं. एखाद्या जातीशी जुळतंय पण पडताळणी बाकी आहे, तर मधे ‘सीएफ.’ घालायचं. जवळची आहे पण ती नव्हे असं वाटत असेल तर ‘अ‍ॅफ.’ वापरायचं. नमुना संग्रहालयात क्रमांकासह जमा करावा आणि बाटलीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली जाड कागदाची चिठ्ठी टाकावी: क्रमांक, जागा, खोली, तारीख, जिवंतपणीचा रंग. शाईने लिहिलेलं बहुधा अल्कोहोलमध्ये उतरून जातं, आणि बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी काही वर्षांत गळून पडते.